फळ्यावरचं दिसत नाही हे कुणाला सांगायचं

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वेडंवाकडं येतं. शाळा चौथीतच सुटली, त्याला आता इलाज नाही. पण हे लिहिल्याशिवाय माझी चिडचिड जायची नाही.

माझी मुलगी नववीत होती. तिला फळ्यावरचं दिसत नसे, शेजारणीच्या वहीत पाहून उतरवायची. मला बोलली नाही. वर्गाच्या बाईंना एकटं गाठून सांगितलं, वर म्हणाली, घरी कळू देऊ नका, चष्मा लागला तर मला शाळेतून काढतील. पोरीला आपलं घर बरोबर ठाऊक होतं.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी पालकांना बोलावलं. शाळेत पालक म्हणून सही होती माझ्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाची. आमच्या घरात सगळ्या कागदांवर तेच सही करत. नवरा सकाळीच कळमन्याच्या बाजारात धान्य तोलायला जाई, तो कशातच नसे.

भासरे शाळेतून आले ते अंगणातूनच बोलत आले. "पोरीचे डोळे जाऊन राहिले अन् घरात कोणाले पत्ता नाही. वाचून वाचून घालवले. खाप्याचे पाहुणे तिले पाहाले येणार, ते चष्मेवाली पोरगी करतीन काय? उद्यापासून शाळा बंद."

जाऊ म्हणाली, "चष्मा लावून भाकरी थापू दे, टोपल्याएवढी दिसन तिले."

नवरा खाली मान घालून जेवत राहिला. मी दाराआड. भासऱ्यांसमोर तोंड उघडायची आमच्यात रीत नव्हती.

मुलीला विचारलं, "मले काहून नाही सांगितलं वं?"

"तुले सांगून काय होणार होतं? तू त्याहिच्यासमोर बोलते काय?"

मला तिचाही राग आला, कारण ती खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. "बाई, पोरगी नका सांगू म्हणत होती ना?"

"अहो, डोळ्यांचं दुखणं लपवून कसं चालेल? पालकांना सांगणं माझं कामच आहे."

"मंग मले सांगायचं. मी आई हावो तिची."

"तुमची सही कुठंच नाही."

"मले येते सही. कोणी मागतली नाही."

सांगायला नको होतं असं माझं म्हणणं नाही. पण आधी पोरीला विचारायचं, मग आईच्या कानात घालायचं. तिथं कुणी पालक म्हणून सही केली एवढंच बघून सगळं त्याच्या हवाली करायचं, याला काय म्हणावं?

बाई ओशाळल्या. चष्म्याचे पैसे त्यांनीच काढून दिले. मी उसने म्हणून घेतले.

त्या संध्याकाळी दाराआडूनच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हणाले, "चष्म्याचे पैसे मी बाईकडून उसने घेतले. तिची शाळा चालू राहीन."

मग भासरे जावेला म्हणाले, "सांग तिले, चष्म्याचा एक पैसाही या घरातून जाणार नाही. पुढच्या वर्षी शाळा उघडेस्तोवर बाईचं देणं राहिलं तर पोरगी घरी बसन."

उन्हाळाभर मी लग्नघरांत सरगुंडे, म्हणजे काडीवर वळायच्या कणकेच्या शेवया, वळायला गेले. बोटं आखडायची. मिळेल तसे बाईंना नेऊन देत होते. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी उरलेले घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो." राहू द्या म्हणायला त्यांचं काय जात होतं. मी पैसे त्यांच्या पुढ्यात ठेवले, त्यांना मोजायला लावले, आणि सगळे फिटले असं त्यांनी म्हटल्यावरच उठले.