अर्ध्या दुर्बिणीतून सासुरवाडी

हे सांगावं की नाही, यावर माझं स्वतःशीच अजून भांडण आहे. पण तुम्ही घरचीच माणसं. हसा, फक्त जरा तोंडावर हात धरून हसा!

गोष्ट अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची. मी साताऱ्याला एमआयडीसीत नोकरीला, आणि माझा खोलीतला जोडीदार विट्याचा दिल्या. दिल्याच्या भावाचं तिकडं कोइम्बतूरला गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान. त्यानं कुठूनसा एक डिजिटल व्हिडिओ कॅमेरा पैदा केला आणि दिवाळीला आला तेव्हा दिल्याकडं ठेवून गेला. पेढ्याच्या पुड्याएवढा कॅमेरा हो! झालं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं दिग्दर्शक.

पण एक अडचण होती. कॅमेरा जवळ नेला की माणसं लाकूड व्हायची. बायका पदर सारखा करायच्या, पुरुष कंगवा काढायचे आणि मग सगळे सावधानमध्ये उभे! मी म्हटलं, "दिल्या, खरा माणूस पाहिजे असेल तर लांबून टिपला पाहिजे."

"मग लांबची लेन्स लागंल की रं. आनायची कुठनं?"

आमच्या खालच्या मजल्यावर एक रिटायर सुभेदारकाका राहायचे. त्यांच्याकडं जुनी दुर्बीण होती. ती मागून आणली, मधला स्क्रू काढून तिचे दोन भाग केले आणि एक भाग सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावर चढवला. (काकांना अजून माहीत नाही. तुम्हीही बोलू नका.)

गच्चीवर जाऊन अजिंक्यताऱ्याकडं कॅमेरा धरला. दिल्यानं वॉकमनचा हेडफोन कॅमेऱ्याला जोडून कानाला लावला. गडाच्या तटावर एक कावळा बसला होता, स्पष्ट दिसला! त्यानं चोच उघडली आणि दिल्या ओरडला, "आयला संज्या! काव काव ऐकू येतंय!"

मग मीही ऐकलं. खरंच काव काव! लांबचं जवळ दिसतंय म्हटल्यावर जवळ ऐकूही येणारच की, असा मी सिद्धांत मांडला. मागच्या पाण्याच्या टाकीवर दुसरा कावळा बसला होता, तिकडं बघणार कोण?

आता गंमत बघा. त्याच महिन्यात सांगलीचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलं होतं. मुलगी वैशाली. दाखवायच्या कार्यक्रमात मी तिला बघितलं आणि घशातून आवाजच फुटेना. विचारतील त्याला नुसता "हो जी, हो जी." तिचे वडील नाना कोर्टात नाझर होते, नुकतेच रिटायर झालेले. मुलगा कॅमेरा चालवतो हे कळल्यावर त्यांनी निरोप धाडला. वैशालीच्या आजीची पंचाहत्तरी आहे, गुळानं तुला करणार आहोत, तेवढं शूटिंग करा. पुढच्या रविवारी दोन्ही घरं मिळून ते बघू आणि लगेच सुपारी फोडू!

म्हणजे सिनेमा झाला की लग्न पक्कं. एवढं भाग्य कुणाला मिळतं सांगा?

कार्यक्रम नानांच्या अंगणात, आणि आम्ही दोघं समोरच्या दुसऱ्या बोळातल्या गच्चीवर. तासभर शूटिंग केलं. वेळ जावा म्हणून गप्पाही मारल्या. एवढ्या लांबून आमचं कोण ऐकतंय? घरी येऊन कॅमेऱ्याच्या भोकातून चित्र तपासलं. फक्कड! हेडफोन मधल्या काळात तुटला होता, पण आवाजाची काळजीच नव्हती. त्याची ग्वाही कावळ्यानं दिली होती.

रविवारी सांगलीला आमचे आई-बाबा, मी आणि दिल्या. खोली माणसांनी भरलेली. नानांनी सुपारी शर्टाच्या खिशात तयार ठेवलेली. टीव्हीला वायरी जोडता जोडता मी छाती फुगवून म्हटलं, "आमच्या लेन्सची खासियत सांगतो. तुम्ही अंगणात नुसतं कुजबुजला असाल ना, तरी सगळं ऐकू येणार!"

माणसं एकमेकांकडं बघू लागली.

वैशालीची आत्या चुळबुळली. "वहिनी, आधीच सांगते हं. मी तुमच्या साडीला गोणपाट म्हटलं ते कापडाला. रंग चांगलाय."

"कोणत्या साडीला?" वैशालीच्या आईनं विचारलं.

"आणि मी गूळ खाल्ला नाही," नाना घाईघाईनं म्हणाले, "फक्त जिभेला लावला."

"तुम्ही? साखर एवढी वाढलेली असताना?"

"संजयराव, आवाज जरा बारीक होतो का हो?"

मी ऐटीत म्हटलं, "नाना, घाबरता काय? खरं आयुष्य टिपलंय!" आणि बटण दाबलं.

पडद्यावर काळ्या चौकटीत एक गोल, आणि गोलात नाना. पाहुण्यांशी बोलताना ओठ हलतायत, पण आवाज? एका अक्षराचा पत्ता नाही! त्याऐवजी खोली दणाणेल असा दुसराच आवाज आला. माझा!

"दिल्या, हे आमचे होणारे सासरे. हसतात बघ, आरोपीला पुढची तारीख दिल्यासारखे!"

नानांनी चष्मा काढून पुसला. मी बंद करायचं बटण शोधतोय तर बोटं कुठं ऐकतायत? दाबलं तर आवाज आणखी वाढला!

गोलात आत्या आली. "ही ती आत्या. कांदेपोहे म्हणे मुलीनं केलेत! हॅ! इतके खारट पोहे करायला अनुभवी हात लागतो. मी रुमालात बांधून खिशात घातले आणि वर 'वा वा' म्हटलं!"

दाराआड कुणीतरी फसकन हसलं. आत्या मात्र हसली नाही.

मग तराजूत बसलेली आजी दिसली. या वेळी आवाज दिल्याचा. "संज्या, ढेपा संपतील गड्या, पन म्हातारीचं पारडं हालायचं न्हाई!" आणि त्यावर माझं खिंकाळणं.

दिल्या खोलीतून कधी नाहीसा झाला, कळलंच नाही. बाबा उठून चपला शोधू लागले. आईनं पदरात तोंड लपवलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

तेवढ्यात चित्र गदगदा हलायला लागलं.

दिल्याचा आवाज, "आरं, कॅमेरा का थरथरतोय?"

माझा आवाज, एकदम हळू, "ती आली."

"कोन?"

"ती रे. वैशाली." गोलात हलणारी, हळदीकुंकू लावणारी वैशाली. "दिल्या, ही जर हो म्हणाली ना, तर देवाशप्पथ, जन्मभर हिची भांडी घासीन!"

इथं एकदाचं बटण सापडलं.

मी मान वर करेना. मग आजी म्हणाली, "आवं, तेवढं शेवटचं परत लावा की."

"आई!" नाना दरडावले.

"काय चुकलं? ढेप कमी पडली ते खरंच हाय. पोह्याचंबी खरंच हाय. त्या दिवशी नुसतं हो जी, हो जी करत हुता, तवा मला वाटलं पोरगं मुकं हाय. आज कळलं, तोंड हाय त्याला!"

नाना उठले, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "संजयराव, सगळी नोकरी कोर्टात काढली. पिंजऱ्यात उभा केला की माणूस हमखास खोटं बोलतो. पण कुणी न विचारता एवढा कबुलीजबाब देणारा तुम्ही पहिलेच." मग दाराकडं वळून म्हणाले, "वैशाली, ऐकलंस ना? काय म्हणणं आहे तुझं?"

दाराआडून शांत आवाज आला, "माझी काही हरकत नाही. फक्त ती कॅसेट आपल्याकडं ठेवून घ्या."

आणि नानांनी सुपारी फोडली!

ती कॅसेट लावायचा कॅमेरा आता कुठं मिळत नाही. मला वाटलं, सुटलो. पण तो लागतोच कुठं? बायको नुसती कपाटाच्या वरच्या कप्प्यातल्या त्या कॅसेटकडं बघते आणि मी बाह्या मागं सारतो.

संपला ना चहा? द्या ते कप इकडं. नाही नाही, तुम्ही बसा. ती बघतेय.