पांढऱ्या साडीवरचा फ्लॅश

माझी वहिनी आम्रपाली फार चिडकी आहे, असं वाईतल्या निम्म्या लोकांचं म्हणणं आहे. आहेच ती चिडकी. चिडण्यासारखं समोर दिसत असताना जे हसत बसतात, त्यांची मला जास्त भीती वाटते. लग्नात नवरदेवाचा एखादा मामा कॅमेऱ्यासमोरून सारखा मिरवायला लागला, की ती सगळ्यांदेखत म्हणायची, "आवं मामा, लगीन तुमचं हाय का?" मामा गपचूप जाऊन खुर्चीत बसायचा.

स्टुडिओ नावाला माझ्या भावाचा, राजरत्नचा. पाटीवर त्याचंच नाव. पण तो शिरवळच्या कारखान्यात पाळीवर जायचा, आणि लग्नं, साखरपुडे, शाळेचे ग्रुप फोटो हे सगळं वहिनीच बघायची. तरी गिऱ्हाईक दारात आलं की विचारायचं, "फोटोग्राफर कुठं गेलेत?" वहिनी गळ्यात कॅमेरा अडकवून त्याच्यापुढेच उभी असायची. ऐकून माझंच डोकं फिरायचं.

चौऱ्याण्णव साली वहिनीच्या धाकट्या बहिणीचं, विशाखाचं लग्न ठरलं. त्या लग्नातून वहिनीला एकच गोष्ट हवी होती. आईचा, म्हणजे हरणाबाईंचा चेहरा फोटोत जसा आहे तसा यायला हवा होता.

त्याला कारण होतं. आमच्या बौद्ध लग्नात नवरा-नवरी दोघंही पांढऱ्या कपड्यांत असतात. वहिनीच्या स्वतःच्या लग्नात फोटोग्राफरने समोरून भक्कन फ्लॅश मारला. साडी तेवढी उजळली आणि मागे उभे असलेले तिचे वडील, धोंडिराम, अंधारात गेले. पुढे ते वारले तेव्हा भिंतीवर लावायला तोच एक फोटो निघाला. साताऱ्याच्या एका पेंटरने तो मोठा करून त्यावर रंग चढवून दिला. गोरापान चेहरा, गालांवर गुलाबी झाक! जन्मभर कालव्याच्या कामावर उन्हात राबलेला माणूस, आणि त्याला मेल्यावर असा रंगवला. कुणी विचारलंसुद्धा नाही. "हा कोन बाबा हाय, त्या पेंटरलाच ठावं," असं वहिनी म्हणायची आणि तिथून उठून जायची.

लग्नाआधी नवा फ्लॅश घ्यायचा ठरला. वहिनी, राजरत्न आणि मी साताऱ्याला गेलो. दुकानदाराने काचेवर दोन फ्लॅश ठेवले. एक दणकट, कॅमेऱ्याच्या बाजूला पट्टीवर बसणारा, सरळ समोर उजेड फेकणारा. दुसरा त्याच्यापेक्षा लहान, पण त्याचं डोकं वर वळायचं. वहिनीने तो उचलला, डोकं छताकडे वळवलं आणि उडवला. उजेड वर आपटून सगळ्या दुकानात सारखा पसरला. कोपऱ्यातल्या माणसाच्या तोंडावरच्या सुरकुत्यासुद्धा दिसल्या.

"मला ह्यो पायजे," वहिनी म्हणाली.

दुकानदार माझ्या भावाकडे बघून हसला. "ताईंना हलका म्हणून आवडला असेल. दादा, तुम्ही हा मोठा घ्या. मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत उजेड जातो." विकत घेणारी बाई समोर उभी, आणि हा मेला दादाशी बोलतोय!

"खरं हाय त्येंचं," राजरत्न म्हणाला. "आपली लय लग्नं उसाच्या गावात, उघड्या मांडवात. तितं छत कुठाय? मांडवाच्या कापडावर उजेड मारलास तर मान्सं लाल-पिवळी यायची."

हे खोटं नव्हतं. म्हणून तर जास्त राग येत होता.

"आन इशाखाच्या लग्नाचं काय?" वहिनीने विचारलं.

"येतील की फोटू. आन कोन काळं दिसलंच, तर पेंटर हायच."

तो सहज बोलून गेला. आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही. वहिनी दुकानाबाहेर गेली. त्याने मोठा फ्लॅश बांधून घेतला. परतीच्या एसटीत ती वाईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली.

लग्न वहिनीच्या माहेरी, तिथल्या विहारात होतं. छत बुटकं, नुकताच चुना मारलेलं. राजरत्न तिथला जावई. नवा सफारी घालून पहिल्या रांगेत बसला होता. त्याला दोनदा सरबत विचारून झालं होतं. वंदना सुरू व्हायच्या आधी वहिनी त्याच्यापुढे आली. कॅमेऱ्याच्या बाजूच्या पट्टीवरून तिने फ्लॅश सोडवला. वायर लांब होती. तो तिने त्याच्या हातात कोंबला.

"उठा. वर धरा. छताकडं."

"अगं, मी जावई हाय हितला!"

"मग जावई म्हनून धरा. मला हितं पेंटर नको."

सगळा विहार हसला. भाऊ लाल झाला, पण उठला. वंदना, प्रतिज्ञा, हार घालणं, सगळं होईपर्यंत तो हात वर करून उभा होता. वंदना चालू असताना वहिनी नुसती डोळे वटारायची. ती संपल्यावर मात्र त्याचा हात जरा झुकला की खेकसायची, "हात!" लोक जावयाला पाट देतात, पंखा लावतात. ह्या जावयाला बायकोने मांडवाची मेढ केलं. माझा सख्खा भाऊ आहे, तरी मला त्याची जरासुद्धा दया आली नाही.

फोटो साताऱ्याहून धुऊन आले. विशाखाच्या साडीची घडी न् घडी दिसत होती. तिच्या मागे हरणाबाई, काळ्या, सुरकुतलेल्या, डोळे भरलेले. राजरत्नने तो फोटो बराच वेळ धरून ठेवला. "माझं चुकलं," म्हणाला. वहिनीने फोटो त्याच्या हातातून ओढून घेतला.

तो आईला दाखवायला ती माहेरी निघाली, तेव्हा मीही बरोबर गेले. वाटेत ती म्हणाली, "वन्सं, आई जर का जरा गोरी कर म्हनाली, तर फोटू तिच्यासमोर फाडीन." फोटो हातात पडला की सगळी गिऱ्हाइकं तिला हेच सांगत आली होती.

हरणाबाईंनी फोटो उंबऱ्यात उजेडाला धरला. फोटोतल्या तोंडावरून बोट फिरवत राहिल्या.

"बोल की. काळी दिसती म्हनायचंय न्हवं? म्हन!"

"ही माजी आय हाय गं," हरणाबाई म्हणाल्या. "आगदी तीच. तिचं त्वांड मी इसरत चालली हुती."

वहिनी रडेल असं मला वाटलं. ती ओरडली. "मग तिचा येक तरी फोटू काढून ठिवायचा न्हाई का? येक!"

"कोन काढनार? फोटूवाला गावात यायचा. आमच्या आळीत कोन येत हुतं?"

वहिनीने पिशवीतून कॅमेरा काढला, बाहेर उन्हात गेली आणि आळीच्या मधोमध उभं राहून ओरडली, "म्हाताऱ्या हाईत तेवढ्या भाईर या! समद्या!"

तिच्या आवाजात एवढा राग होता, की आधी कुणी बाहेरच येईना.