घराकडे धावणारी जोडी

मंगरूभाऊ आमच्या शेजारी राहतात, हे माझ्या कुंपणाचं दुर्दैव. गेल्या नऊ वर्षांत मी सात वेळा कुंपण नवं केलं आणि सातही वेळा ते त्यांच्या बैलांनी आडवं केलं. दर वेळी मंगरूभाऊ मोडलेल्या काट्यांकडे कौतुकानं बघत म्हणायचे, "गुरुजी, पाहा, वळनावर कसे दबून धावले!" मी शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, पण माझ्या अंगणात वळण आहे हे मला त्यांनीच शिकवलं.

थंडीत धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शंकरपट सुरू होतात. हलका छकडा, त्याला दोन बैल, वर उभा एक धुरकरी, समोर सरळ धावपट्टी आणि शेवटी सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ. मधली काही वर्षं पट बंद होते. त्या वर्षांत मंगरूभाऊंकडे बघवत नव्हतं; माणूस रिकाम्या छकड्याला तेल लावत बसायचा. पुन्हा परवानगी मिळाली आणि ते दहा वर्षांनी तरुण झाले. माझं कुंपण मात्र त्याच आठवड्यात गेलं.

त्यांच्या जोडीतला उजवा बैल मेंबर. तो जन्मला त्या दिवशी त्यांचा चुलतभाऊ ग्रामपंचायतीत निवडून आला होता. डाव्याच्या कपाळावर पांढरा टिळा आहे, म्हणून तो पुजारी. या दोघांमागे अख्खं घर राबतं. मुलगा देवेंद्र त्यांना चालवायला नेतो, अंगाला मालीश करतो, खूर बघतो. सून संध्या जनावरांच्या डॉक्टरचं प्रमाणपत्र काढते, पटाचा अर्ज भरते आणि रोजची धाव मोबाइलवर मोजते. मंगरूभाऊ छकड्यावर उभे राहतात आणि उरलेला वेळ बोलतात. त्यांची बायको धुरपताबाई काहीच करत नाही, असं मंगरूभाऊंचं मत. म्हणजे ती फक्त शेण काढते, पाणी पाजते, कोंडा आणि ढेप कालवते, माश्या बसू नयेत म्हणून गोठ्यात धूर करते आणि संध्याकाळी तांदळाची पेज शिजवून बादलीत घालून फाटकापाशी उभी राहते. एवढंच.

"खुराक माह्या, टरेनिंग माही," असं मंगरूभाऊ पानठेल्यावर सांगत. लोकही ऐकत, कारण जोडी खरंच जिंकत होती. मुर्रीच्या पटात पहिली आली, त्याआधी आणखी दोन ठिकाणी. मात्र प्रत्येक पटाला ते जात नसत. दोन दिवस आधी मोटारसायकलनं जाऊन धावपट्टी बघून येत. मूठभर माती उचलत, हुंगत, बोटांतून सोडत आणि कधी कधी मान हलवून म्हणत, "माती पक्की नाही." मग तिथं जोडी जायची नाही. मातीची एवढी पारख असलेला माणूस पंचक्रोशीत नाही, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचो, हे कबूल करताना आता हसू येतं.

एकदा ते मला मागे बसवून घेऊन गेले. माती हुंगून झाली. मग मी बघतोय हे विसरून ते धावपट्टीच्या सुरुवातीला उभे राहिले, सूर्याकडे बघितलं, हात लांब करून कुठलीतरी दिशा धरली आणि मनाशी पुटपुटले, "आपलं गाव तिकडं." त्या पटाची माती चांगली निघाली. घरी येऊन मी जिल्ह्याचा जुना नकाशा काढला आणि पेन्सिलनं खुणा केल्या. जिथं जिथं जोडी जिंकली होती, तिथली धावपट्टी आमच्या गावाच्या दिशेनं जात होती. जिथली माती पक्की नव्हती, तिथली आमच्या गावाकडे पाठ करून होती.

कारण अगदी साधं होतं. मंगरूभाऊंना चालायचा कंटाळा. चोरखमाऱ्याच्या नहरापासून, म्हणजे कालव्यापासून, त्यांच्या फाटकापर्यंत सरळ कच्चा रस्ता आहे. सरावासाठी देवेंद्र बैलांना हळूहळू चालवत नहरापर्यंत नेई, मंगरूभाऊ मागून मोटारसायकलवर येत आणि तिथून छकडा जोडून सुसाट घरी. रोज एकाच बाजूनं. उलट्या बाजूनं जोडी एकदाही पळवली नाही. त्या बैलांच्या डोक्यात धावणं म्हणजे घरी जाणं, आणि घरी जाणं म्हणजे फाटकातली धुरपताबाई. हे कळूनही मी गप्प राहिलो. शेजाऱ्याचं पितळ उघडं करून काय मिळवायचं? आणि खरं सांगायचं तर योग्य वेळेची वाट बघत होतो.

ती वेळ यंदा आली. आमच्या गावचा पट अकरा वर्षांनी भरणार होता. सभेत मंगरूभाऊंनी छातीवर हात मारून सांगितलं, की गावचा मान गावातच राहील. टाळ्या पडल्या. आठ दिवसांनी समितीनं चुन्यानं पट्टी आखली. सुरुवात मंगरूभाऊंच्या घराच्या बाजूला, शेवट तिकडे मावळतीला, बाभळींपाशी. म्हणजे धावायचं ते थेट घराकडे पाठ करून.

मंगरूभाऊ समितीचे अध्यक्ष भैय्यालाल यांच्याकडे गेले. म्हणाले, बैलांच्या डोळ्यावर ऊन येतं. भैय्यालाल म्हणाले, धाव भर दुपारी आहे, ऊन डोक्यावर असतं. म्हणाले, वारा उलटा आहे. भैय्यालाल म्हणाले, सगळ्यांनाच उलटा आहे. शेवटी म्हणाले, माती पक्की नाही. यावर भैय्यालालांनी चष्मा काढला. "मंगरू, याच मातीत तुह्या बाप धावला, तू धावला. पाहुन्यायचा मंडप ठोकून झाला. आता पट्टी फिरत नाही." मंगरूभाऊ घरी आले ते मान खाली घालून.

त्यांच्या आणि आमच्या स्वयंपाकघरात एकच कुडाची भिंत आहे. मी मुद्दाम ऐकत नाही. कान असला की ऐकू येतं. त्या संध्याकाळी चुलीवर तवा चढल्याचा आवाज आला. मग मंगरूभाऊ खाकरले.

"अवो, एक गोठ सांगाची हाये."

"सांगा ना मंग."

"बैल माह्या खुराकानं नाही धावत. तू फाटकात राहतेस, म्हनून धावतेत. तुह्या पेजेसाठी."

मी भिंतीला टेकलो. छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य बाहेर पडायला त्यांना काय लागलं असेल, हे मला भिंतीपलीकडूनही कळत होतं. धुरपताबाईंनी पोळी उलटली असावी.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "मी भाचीच्या लग्नाले नवेगाव-बांधले गेली होती, तवा आठ दिवस बैल गोठ्यातून निघाले नाहीत. तुमी म्हनून राहिले होते, हवा बदलली."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमी पुसलं कवा?"

मग मंगरूभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. पटाच्या दिवशी तिनं पट्टीच्या शेवटी बाभळींपाशी बादली घेऊन उभं राहावं. धुरपताबाईंचं उत्तर लगेच आलं. "मी उभी राहीन. पन बावीस पाहुन्यायले रांधील कोन?"

हे बाहेरच्यांना कळणार नाही. पट म्हणजे गावाला बैलांचा आणि बायकांना पाहुण्यांचा. लेकी, जावई, व्याही, त्यांचे शेजारी, सगळे आदल्या दिवशीच येऊन टेकतात. लग्न होऊन आल्यापासून धुरपताबाईंनी एकही पट बघितला नव्हता. घराच्या मागून आरडाओरडा ऐकला होता, तोही कढईच्या आवाजात.

"मी रांधतो," मंगरूभाऊ म्हणाले. "अन पेजही मीच करून ठेवतो."

मी त्या क्षणी ओरडून थांबवायला हवं होतं.

पटाच्या सकाळी त्यांच्या घरातून धूर निघत होता तो चुलीचा की डाळीचा, सांगणं कठीण होतं. संध्या मदतीला गेली, तर सासऱ्यानं तिला बाहेर काढलं. शब्द दिला होता ना. वांग्याच्या भाजीत त्यांनी मीठ दोनदा घातलं. लाखोरीची डाळ बुडाला लागली. मोठे जावई ताटावर बसले, एक घास घेतला आणि बाहेर हवा चांगली आहे म्हणून उठून गेले. मंगरूभाऊंचे डोळे लाल, धोतरावर हळद, आणि मैदानावरून लाउडस्पीकर त्यांचा नंबर पुकारत होता. ते तसेच छकड्याकडे धावले.

मी धुरपताबाईंबरोबर बाभळींपाशी गेलो. लुगड्याचा पदर डोक्यावर घट्ट, हातात बादली. गर्दी बघून त्या जरा बावरल्या होत्या. इतकी माणसं एका ठिकाणी त्यांनी फक्त जेवायला बसलेली पाहिली होती. पलीकडे, पट्टीच्या दुसऱ्या टोकाला, मेंबर आणि पुजारी मागे वळून आपल्या घराकडे बघत होते. देवेंद्र दोघांच्या वेसणी धरून त्यांना पुढे तोंड करायला लावत होता आणि ते पुन्हा पुन्हा मागे वळत होते. लोक हसायला लागले. छकड्यावर मंगरूभाऊ ताठ उभे होते, पण मला त्यांची भीती एवढ्या लांबून दिसत होती. गावासमोर, बापाच्या मातीत, बैल फिरून घरी निघून गेले असते तर हा माणूस पुन्हा पानठेल्यावर गेला नसता.

तेवढ्यात धुरपताबाईंनी हाक मारली. "मेंबर! पुजारी! याऽऽ रे बाबाऽऽ!"

या आवाजाबद्दल मला शेजारी म्हणून बरंच काही म्हणायचं आहे, पण आज नाही. दोन्ही बैलांचे कान उभे राहिले. माना वळल्या. देवेंद्रनं हात सोडले आणि जोडी सुटली. धूळ, आरडाओरडा, आणि त्यातून सरळ आमच्याकडे येणारी ती दोन तोंडं. घड्याळाची रेघ ओलांडून ते थांबलेच नाहीत. थेट धुरपताबाईंपाशी आले आणि धापा टाकत दोघांनी एकदमच बादलीत तोंडं घातली. भैय्यालालांनी लाउडस्पीकरवर वेळ सांगितली. जोडी दुसरी आली होती.

मंगरूभाऊ छकड्यावरून उतरले. बैलांनी तोंडं वर काढली होती, पण ते हलत नव्हते. मेंबर धुरपताबाईंच्या खांद्याला कपाळ घासत होता, पुजारी त्यांचा पदर चाटत होता. मंगरूभाऊंनी बादलीत डोकावून बघितलं. ती आतून कोरडी होती.

"खाली हाये?"

"तुमी भरनार होते ना जी," त्या म्हणाल्या. "चुलीवर पेजेचा गंजच चढला नव्हता. नंबर पुकारला, मी तशीच आली."

मंगरूभाऊ बादलीकडे बघत राहिले. डाळीच्या नादात ते बैलांचीच पेज विसरले होते. "मंग हे अजून उभे कायले हायेत?" त्यांनी विचारलं. कोणाला ते मला कळलं नाही. धुरपताबाईंनी पुजारीच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. त्यांच्या त्या हाताकडे मंगरूभाऊ असे बघत होते की मीच मान फिरवली.

भैय्यालाल माइक घेऊन आले. चेहऱ्यावर खोडकर हसू. "मंगरूभाऊ, दुसरा नंबर! आज मातीत काय कमी पडलं, सांगा लोकायले!"

सगळं मैदान हसलं. मंगरूभाऊंनी माइक हातात घेतला, दुसऱ्या हातानं धोतरावरची हळद झटकली. आमच्याकडे नवरा चार माणसांत बायकोचं नाव घेत नाही. तो 'अवो' म्हणतो, नाहीतर 'देवेंद्रची माय'. मंगरूभाऊंनी तर मतदार यादीतही ते बोट ठेवून दाखवलं होतं.

"माती चांगली हाये," ते म्हणाले. "हे बैल मी नाही घडवले. धुरपतानं घडवले."

चारही भोंग्यांतून ते नाव मैदानभर गेलं, पार नहरापर्यंत गेलं असेल. हसणं थांबलं. संध्यानं तोंडावर हात धरला. मी डोळे पुसले, धुळीमुळे नव्हे. हे इथे लिहितो, तोंडी विचारलंत तर नाही म्हणीन. धुरपताबाईंनी पदर आणखी पुढे ओढला. आता त्या लाजून निघून जाणार, असं मला वाटलं.

"आयकू नाही आलं," त्या पदराआडून म्हणाल्या. "आखीन एकदा म्हना."

मंगरूभाऊंनी माइक पुन्हा तोंडाशी धरला.