जिन्यातली सावली

नव्वदच्या दशकात सुरतेला, कतारगामच्या आमच्या चाळीत पापडांचा दिवस ठरला की शेजारची वहिनी जिन्यातली सावलीची पायरी सगळ्यांआधी धरायची. मूळची खानदेशची, बोलायला फटकळ. डॉक्टरांनी तिला ल्युपस सांगितला होता. शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटते, असा जन्मभराचा आजार. उन्हात गेली की गाल लालभडक व्हायचे, बोटं आखडायची. म्हणून लाटणं आमच्याकडे, दोऱ्याने लाट्या कापणं तिच्याकडे. वर "हात चालवा गं!" म्हणून दटावायची ती आम्हालाच.

एका वर्षी बरं वाटलं म्हणून तिने आपल्या मनानेच गोळ्या सोडल्या आणि पाय सुजून इस्पितळात पडली. पुढच्या वर्षी पापडांच्या दिवशी तिचे गाल अगदी स्वच्छ होते.

मी म्हटलं, "वहिनी, आता बऱ्या झालात. चला गच्चीवर, पापड वाळत घालू."

तिने शांतपणे भाकरी संपवली, डबीतली गोळी काढून पाण्याबरोबर घेतली आणि पापडांचं ताट माझ्या हातात दिलं.

"तू जा. आजार गेला नाही, माय, मी त्याला झोपवलाय. उन्हात नेऊन कशाला उठवू?"