पाण्याचा नमुना आणि माझं भाषण

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी, वडगावातल्या आमच्या गल्लीत, नळाशेजारी उभं राहून मी भाषण ठोकलं... आणि त्या भाषणानं गल्लीचा घात केला. आपणच सांगून टाकतो, दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको.

आमच्या नळाला चार दिवसांनी पाणी येतं. आलं की पहिली वीसेक मिनिटं पिवळट, गटाराच्या वासाचं. मग निवळतं. जुन्या पाइपलाइनमध्ये कुठंतरी गटार झिरपतंय, हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

अर्ज कन्नडमध्ये दिले, मराठीत दिले. गल्लीत दोन्ही भाषांची घरं आहेत आणि जुलाब काही भाषा विचारून लागत नाहीत. उत्तर मात्र प्रत्येक वेळी एकच... "बघतो."

मग समोरच्या आक्कांची सून कावीळ होऊन दवाखान्यात पडली. सातवा महिना. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, पाणी कुठलं पिता? हा प्रश्न ज्या टेबलावर विचारायला हवा, तिथं तो कुणी विचारतच नाही.

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात जाऊन आवाज चढवला. शेवटी नमुना घेऊन तपासू, असं ठरलं. नमुना खराब निघाला तर लाइन बदलायची, चांगला निघाला तर फाइल बंद. सुनेला त्या घरी, त्या नळाच्या पाण्यावर परत आणायचं की नाही, ते आता एका बाटलीवर होतं.

आता आक्कांचं सांगायला हवं. त्यांच्या घरी माग आहे, साडीचं सूत त्या स्वतः रंगवतात. रंगवणारा माणूस नळाचं पहिलं पाणी कधी धरत नाही, सुतावर डाग पडतात. पहिलं पाणी सोडून द्यायचं, हे त्यांच्या हातालाच ठाऊक आहे.

त्या मंगळवारी सातला पाणी आलं, पाठोपाठ पाणीपुरवठ्याचे साहेब बाटली घेऊन आक्कांच्या दारातल्या नळाशी आले. मी सुरू झालो... लोकशाही, कर, माणसाच्या जिवाचं मोल. साहेब बाटलीचं झाकण हातात धरून इतकं मन लावून ऐकत होते, की मला वाटलं, विरघळला माणूस.

इकडे आक्कांनी सवयीनं नळ सोडून ठेवलेला. आदल्या दिवशी पितळी तोटी चिंचेनं घासूनही काढलेली. साहेब दारात येणार, त्यांच्यापुढं घाण कशी दाखवायची! माझं भाषण संपलं तेव्हा पाणी झऱ्यासारखं नितळ झालं होतं. साहेबांनी बाटली भरली, चहा घेतला, गेले.

रिपोर्ट आला : पिण्यास योग्य.

संध्याकाळी गल्ली माझ्या दारात. "अण्णा, भाषण लई झ्याक झालं," आक्का म्हणाल्या, "पर तुमी बोलत हुतासा तवर सगळी घाण वाहून गेली की हो! आन् मीबी कसली येडी, तोटी घासून बसले."

शेजारचे आप्पा कशाला सोडतात? "अण्णांचं ऐकून गटारबी सुधारलं बघा!"

मी हसलो नाही. परत ऑफिसात गेलो. "सर, रिपोर्ट आलाय न्हवं?" कारकुनानं मलाच विचारलं. रिपोर्टखाली एक सही होती, वाचता न येणारी. कुणाची, विचारलं. म्हणे, सेक्शनची. सेक्शनची! सेक्शनला कावीळ होत नाही, सेक्शनची सून दवाखान्यात नसते. माणसं आजारी पडतात ती नावागावासकट, आणि जबाबदार मात्र सेक्शन...

मी पुढचं भाषण मनात जुळवत होतो, तेवढ्यात आक्कांनी वेगळंच केलं. पुढच्या दोन पाण्यांना त्यांनी पांढऱ्या सुताच्या लड्या पहिल्या पाण्यात भिजवल्या आणि मागावर वाळत घातल्या. मग मला घेऊन ऑफिसात निघाल्या. पायरीवरच मला दम दिला, "आत तुमी बोलू नगासा."

आक्कांनी टेबलावर लड्या ठेवल्या. एक कोरी पांढरी, दोन मळकट तांबूस.

"साहेब, ह्यात मी रंग घातलेला न्हाय."

एवढंच. साहेबांनी लडी उचलली, नाकाशी नेली आणि झटकन लांब धरली. मग हळूच विचारलं, "पाणी किती वाजता येतंय?" मी जीभ दाताखाली धरून उभा होतो. फार अवघड काम आहे हो ते...

पुढच्या पाण्याला साहेब आधीच येऊन नळाशी उभे. कुणी चहा विचारला नाही, कुणी तोटी घासली नाही. नळानं आधी फुसफुस हवा सोडली आणि मग ते पाणी आलं. बाटली भरली. मी आपल्या दारातून बघत होतो, तोंड मिटून.

काल रिपोर्ट आला : पिण्यास अयोग्य. पाइपलाइन बदलून देऊ, असं लेखी मिळालं. आप्पांनी धावत जाऊन खव्याचा कुंदा आणला, घरोघर वाटला. विचार करा... आपण घाण पाणी पितोय हे सरकारनं मान्य केलं, म्हणून आम्ही तोंड गोड करतोय! इतकी वर्षं ते पाणी कुणी पाजलं, याचं उत्तर अजून कुठल्याच कागदावर नाही. सही याही वेळी वाचता येत नाही.

आक्कांनी कुंदा हातात घेतला, पण खाल्ला नाही. "सून पोटातल्या बाळासकट धड घरी येऊ दे. मग खाते."

मीही माझा कुंदा डब्यात परत ठेवला. आक्का, माझं तोंड बंद केलंत, त्याबद्दल तुमचे जाहीर आभार. पण सून घरी आली आणि नळाला तेच पाणी असलं... तर त्या दिवशी मला अडवू नका.