इंजिनाऐवजी खुर्ची

बायपासनंतर छातीचं हाड जुळलं तेव्हा रेल्वेचे डॉक्टर म्हणाले, "कामावर जा. पण गाडी चालवायची नाही." डाळीत मीठ जरा कमी घाला म्हणावं, तसं. मी विचारलं, "परत कधी चालवायला मिळेल?" म्हणाले, "पुढे बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते मला पक्कं ठाऊक आहे. तरी आशा मेली नाही, मेली कशी मरेल!

बायको मात्र खूश. तिनं पुरणपोळ्या केल्या आणि मला अर्धी दिली, बिनतुपाची. "अहो, आता रोज घरी जेवाल." मुलगी म्हणाली, "मतलब, रोज?" तिचं मराठी जयपुरात वाढलंय. मी अर्धी पोळी घेऊन गॅलरीत जाऊन बसलो.

पहिल्या दिवशी रिक्षानं निघालो. सी-स्कीम भागातल्या चौकात सिग्नल लागला, तसा माझा हात आपोआप वर गेला आणि मी ओरडलो, "लाल!" इंजिनात असंच असतं. ड्रायव्हरनं सिग्नल मोठ्यानं सांगायचा, असिस्टंटनं तो परत म्हणायचा. रिक्षावाला म्हणाला, "दिख रहा है, बाबूजी." बाबूजी म्हणे! एक तर नियमाप्रमाणे उत्तर नाही, वर हे.

माझी नेमणूक लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर गाडीवर जाण्याआधी हजेरी लावतात तिथे. मी त्यांच्यापुढे दारू तपासायचं यंत्र धरायचं, त्यांनी फुंकायचं. मग झोप झाली का, विचारायचं. 'नाही' म्हणेल त्याला गाडी मिळत नाही. सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. अरे, मी मेलो नाहीये!

दुपारी माझा जुना असिस्टंट आला. अकोल्याचा. कितीतरी वर्षं माझ्या शेजारी बसला, आता स्वतः ड्रायव्हर झालाय. "जय भीम, दादा," म्हणाला आणि यंत्रापुढे उभा राहिला. त्या दिवशी माझी गाडी तो नेणार होता. मला त्याचा भयंकर राग आला. त्याचा काही दोष नव्हता, म्हणून जास्तच आला.

"फुंक," मी म्हणालो. त्यानं फुंकलं. यंत्रावर शून्य.

"झोप झाली?"

"झाली. दादा, तुमची?"

आयुष्यभर रात्रपाळ्या केलेला माणूस मी. ऑपरेशनपासून घरच्या पलंगावर डोळ्याला डोळा लागलेला नाही. इथे मला कुणी गाडी देणार नव्हतं. तरी मी ताठ बसलो आणि म्हणालो, "झाली."