वरच्या मजल्यावरचे आप्पा

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत आमची बरीचशी जमीन गेली. उरलेल्या तुकड्यावर माझ्या सासऱ्यांनी तीन मजली इमारत बांधली. खाली आम्ही राहतो, वर भाडेकरू. बहुतेक जण लातूर-जालन्याकडून कंपन्यांत आलेले. त्यामुळे एका दुपारी एक कोरियन माणूस पाठीला सॅक आणि कडेवर तीन-चार वर्षांची मुलगी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा आम्हाला वाटलं, याचा पत्ता चुकला असणार.

परदेशी साहेब मंडळी मोठ्या सोसायट्यांत राहतात, कंपनीच्या गाडीतून येतात-जातात. यालाही वाकडला तसा फ्लॅट मिळाला होता. पण चाकण चौकातल्या ट्रॅफिकमधून सुटून घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असायची, आणि तिला रोज सांभाळणाऱ्या बाईनेच भरवावं हे त्याला पटत नव्हतं. आमच्याकडून त्याची कंपनी अगदी जवळ. "दुपारच्या सुट्टीत येईन, तिला जेवू घालीन, परत जाईन," त्याने तोडक्या इंग्रजीत सांगितलं. घरात बी.ए. झालेली मी एकटी, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं.

सासऱ्यांनी विचारलं, "बाई न्हाई का संगं? मग पोरगी कोण सांभाळणार?"

मी ते इंग्रजीत विचारलं. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

बायको तिकडे डॉक्टर होती. तिचं पुढचं शिक्षण अजून दोन वर्षं चालणार होतं आणि हॉस्पिटलच्या ड्युट्यांत मूल सांभाळणं शक्य नव्हतं. मुलीला आजी-आजोबांकडे ठेव, असं त्याला सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं. त्याने कुणाचंच ऐकलं नव्हतं.

खोली दिली. पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. कोरियनमध्ये वडिलांना 'आप्पा' म्हणतात, आणि आमच्या घरातच काय, अख्ख्या गल्लीत माझ्या सासऱ्यांनाही आप्पाच म्हणतात. पोरीने जिन्यातून हाक मारली की वरून तो धावायचा आणि खालून सासरे. पुढे चार मराठी शब्द आल्यावर तिनेच सासऱ्यांना 'मोठे आप्पा' करून टाकलं.

इंग्रजी शाळेच्या बसला तासभर लागायचा, म्हणून त्याने तिला गल्लीतल्याच बालवाडीत घातलं. सकाळी तिचे केस विंचरून वेण्या घालायचा. सुरुवातीला एक वेणी कानाजवळ आणि दुसरी मानेवर अशी तऱ्हा. मी घालून देते म्हटलं, तर हसून मान हलवली. मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून महिन्याभरात त्याला सरळ भांग जमला. गच्चीवर तो तिचे फ्रॉक वाळत घालायचा तेव्हा समोरच्या टपरीवरचे बघत बसायचे. "काय राव, साहेब असून धुणं धुतो!" हे त्याच्या कानावर जायचं, पण कळत नव्हतं आणि कळलं असतं तरी त्याने चिमटे लावायचे थांबवले नसते. दुपारी भरवून तो गेला की संध्याकाळपर्यंत पोरगी माझ्याकडे असायची.

मुलं भाषा कशी उचलतात ते मी तेव्हा पाहिलं. दिवाळीपर्यंत ती मराठी बोलायला लागली, आणि तीही माझ्या सासऱ्यांची. "मला न्हाई जायचं. म्या हितंच बसणार हाय." आम्हाला कौतुक. तिच्या बापाला मात्र त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि तो कोरियनमध्ये बोलला तरी ती उत्तर मराठीतच द्यायला लागली होती.

एका शनिवारी बालवाडी सुटल्यावर ती रडत आली. त्याला सुट्टी होती. तिला उचलून घेऊन तो माझ्या दारात आला.

"ही काय म्हणते आहे? सारखं तेच तेच म्हणते आहे."

पोरगी हुंदके देत सांगत होती, "समदी म्हंत्यात, तुझा आप्पा मुका हाय. त्याला बोलाया येत न्हाई."

काहीतरी वेगळं सांगावं असं एक क्षण मनात आलं. पण तो इतका रोखून बघत होता की मी जसंच्या तसं सांगितलं. तो पायरीवर बसला. तिचे डोळे पुसले, नाक पुसलं. आणि म्हणाला, "मला शिकवा. उद्यापासून."

मला वाटलं, चार दिवसांचं खूळ असेल. पण तो रोज यायचा. कामावरून आला, हातपाय धुतले की माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसायचा. मी भाकरी थापत बोलायची, तो मागून म्हणायचा, आणि पोरगी मधे बसून चुका काढायची. 'ळ' त्याच्या जिभेवर बसेना. 'केळं' म्हणताना घामाघूम व्हायचा. कधी कधी चिडून उठायचा, बाहेर एक फेरी मारून यायचा आणि परत पाटावर बसायचा.

पण एका गोष्टीकडे माझं लक्षच गेलं नाही. शिकवणाऱ्या आम्ही दोघी बाया. एकदा संध्याकाळी सासरे ओट्यावर बसले होते. हा गाडी लावून आला आणि छान मोठ्याने म्हणाला, "आप्पा, मी आले! मी दमले!"

सासरे हसता हसता खोकायला लागले. पोरगीही हसली. तो आधी गोंधळला. मी समजावून सांगितल्यावर कानापर्यंत लाल झाला, आणि मग स्वतःही हसला. सासरे डोळे पुसत म्हणाले, "सूनबाई, आता ह्याला मी शिकवतो. न्हाईतर हा कंपनीत जाऊन नाव घालवंल आपलं."

तेव्हापासून तो 'आलो'वर आला, मला 'वहिनी' म्हणायला लागला, आणि बोलण्यात 'व्हय, व्हय' येऊ लागलं.

फेब्रुवारीत बालवाडीच्या बाईंनी पालकांना बोलावलं. आपण काय काम करतो ते मुलांना सांगायचं होतं. तो गुडघे छातीला लागतील एवढ्याशा खुर्चीवर बसला. "मी गाडीचा दरवाजा बसवतो," तो म्हणाला. "मला बोलता येतं. हळू बोलतो. तुम्ही थांबा." मुलं खरंच थांबली. मग एकाने विचारलं, तुमच्या देशात म्हशी असतात का? दुसऱ्याने विचारलं, तुम्ही साप खाता का? त्याने एकेकाला उत्तर दिलं. पोरगी त्याच्या शेजारी, त्याच्या खांद्यावर हात टाकून, मालकिणीसारखी उभी होती.

इथेच थांबलं असतं तर सगळं गोड झालं असतं. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी वरून मोठमोठ्याने रडणं ऐकू आलं म्हणून मी गेले. मोबाइलवर तिच्या आईचा व्हिडिओ कॉल चालू होता. पोरगी आईशी मराठीत बोलत होती आणि आईला काही कळत नव्हतं. पलीकडे तीही रडत होती.

त्या दिवशी त्याने नियम केला. संध्याकाळचं जेवण झाल्यावर झोपेपर्यंत घरात फक्त कोरियन. मराठीत काही मागितलं तर मिळणार नाही.

पोरगी हट्टी. तिने बोलणंच बंद केलं. तो गोष्टी सांगायचा, गाणी म्हणायचा, ती भिंतीकडे तोंड करून बसायची. आठवडा झाला तरी तेच. मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, लहान आहे ती. एवढं ताणू नका."

तो भांडी घासत होता. हात न थांबवता मराठीत म्हणाला, "वहिनी, मी मराठी शिकलो. तिची आई कुठं शिकणार? ती तिकडं वाट बघते." घासलेलं ताट पालथं घालून पुढे म्हणाला, "ही रागावली तरी चालेल. आईला विसरली तर चालणार न्हाई."

मी खाली आले. पुन्हा त्या विषयावर बोलले नाही.

तिचा हट्ट कधी सुटला ते मला नक्की सांगता येणार नाही. एका संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले, तर दोघं कठड्याशी उभे होते. रस्त्यावर नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर अडकले होते, आणि ती एकेक गाडी दाखवून काहीतरी विचारत होती. मला एकही शब्द कळला नाही. तो उत्तरं देत होता, आणि त्याचा आवाज मला नेहमीपेक्षा वेगळा, मोकळा वाटला. मी कपडे तसेच ठेवून परत आले.

यंदाच्या गणपतीत तिची आई पंधरा दिवसांसाठी आली. बारीक, थकलेली, सारखी मुलीचा हात धरून असायची. दुसऱ्याच दिवशी ती खाली माझ्याकडे आली. मी मोदकांच्या गडबडीत होते, हात पिठाचे. तिने मुलीला काहीतरी सांगितलं. मुलीने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, आई म्हंती, तुमी बसा. चहा ती करंल."

मी म्हटलं, "अगं, पाहुणी आहे ती. तिला सांग, नको."

तिने सांगितलं. आईने मान हलवली आणि पातेलं उचललं. साखरेचा डबा कुठला, ते पोरीने तिला दाखवलं.